झाकण कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सौ. पडल्या. संध्याकाळी भाजी घेऊन येत होत्या. रस्त्याच्या कडेच्या चेंबरला झाकण नव्हते, वर पाणी साचलेले, त्यामुळे खड्डा दिसलाच नाही. पाय आत गेला, सावरायला हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. (त्या सहा आठवड्यांत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी पोळ्या लाटायला शिकलो. गोल होत नाहीत, पण पोटाला त्याचे काही नसते.)

दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या रसवाल्याने त्या खड्ड्यात एक बांबू उभा करून त्याला लाल पिशवी बांधली. निविदा नाही, मंजुरी नाही, पाच मिनिटांत काम झाले. मी मात्र शिक्षक माणूस, सगळे रीतसर करायची सवय. अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या आणि निघालो.

पहिल्या कार्यालयात सांगितले, "गुरुजी, रस्ता आमचा, पण चेंबर आमचा नाही." दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, "चेंबर आम्हीच बांधला होता, पण तो आता हस्तांतरित झाला." तिसऱ्या ठिकाणी एका तरुण अभियंत्याने फाइल काढून दाखवली. हस्तांतर झाले होते खरे, पण आमचा तेवढा तुकडा त्या यादीत नव्हता! सगळे सौजन्याने बोलले, एकाने चहाही दिला. म्हणून कार्यालयांची नावे देत नाही, आणि मला तक्रार करायचीही नाही. पण परत येताना रिक्षात एक प्रश्न डोक्यात शिरला तो अजून गेलेला नाही. आपण सहज म्हणतो, "सरकारने पैसे दिले", "सरकारने पैसे खाल्ले". यातले सरकार नेमके कोणते?

मी मराठी घेऊन बी.ए. झालो, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी गेले काही महिने अंदाजपत्रके, कायदे, जुनी कात्रणे असे जमेल ते वाचत बसलो. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो. पटते का बघा.

आमची नवी मुंबई हे या प्रश्नाचे उत्तम प्रात्यक्षिक आहे. सकाळी फिरायला निघालो की तासाभरात मी चार-पाच सरकारांच्या हद्दी ओलांडतो. शहर वसवले सिडकोने. ती १९७० साली स्थापन झालेली राज्य सरकारची कंपनी. कंपनी म्हणजे तिला मतदार नाहीत, भूखंड विकून तिचा पैसा उभा राहतो. महापालिका आली १ जानेवारी १९९२ ला. पाणी, कचरा, दिवे, दवाखाने, प्राथमिक शाळा हे तिचे. पाम बीच रस्ता बांधला सिडकोने, सांभाळते महापालिका. शीव-पनवेल महामार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा. पलीकडच्या औद्योगिक पट्ट्याची जमीन एमआयडीसीची. रेल्वे दिल्लीची, पण १९९२ साली वाशीला लोकल आली तेव्हा त्या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता आणि एक तृतीयांश रेल्वेने. म्हणजे रूळ एकाचे, त्यातला जास्तीचा पैसा दुसऱ्याचा, स्टेशनबाहेरचा रिक्षातळ तिसऱ्याच्या हद्दीत!

यात वाईट काही नाही. उलट निरनिराळ्या थैल्यांतून पैसा आला म्हणूनच खाडीकाठच्या खाजणात हे शहर उभे राहिले. अडचण येते ती झाकण हरवल्यावर. बांधताना सगळ्यांची नावे कोनशिलेवर असतात, सांभाळायची वेळ आली की नाव सापडत नाही.

आता हा पैसा येतो कुठून ते पाहू. मला एकत्र कुटुंबाचे उदाहरण जवळचे वाटते. घरातले सगळे कमावते आपला पगार आजोबांच्या हातात देतात. आजोबा त्यातून थोरल्या मुलाला वाटा देतात, थोरला मुलगा त्यातून स्वयंपाकघर चालवणाऱ्या सुनेला महिन्याचे पैसे देतो. पाहुण्यांसमोर आमटी पातळ झाली की बोलणी मात्र सुनेला. आजोबा म्हणजे केंद्र, थोरला मुलगा म्हणजे राज्य आणि सून म्हणजे आपली महापालिका किंवा ग्रामपंचायत.

हे नुसते रूपक नाही. प्राप्तिकर, सीमाशुल्क आणि जीएसटीचा केंद्राचा हिस्सा दिल्लीत जमा होतो. त्यातला किती वाटा राज्यांना द्यायचा हे दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग सुचवतो. चौदाव्या आयोगाने ४२ टक्के सांगितले, पंधराव्याने ४१. पण यात एक मेख आहे. उपकर आणि अधिभार या नावाने केंद्र जो पैसा गोळा करते तो या वाटणीत येतच नाही. आजोबांनी "हा पगार नव्हे, हा बोनस" म्हणून वेगळ्या डब्यात टाकावा तसे.

आणि सुनेचे काय? १९९२ साली संसदेने ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती केली. पंचायती आणि नगरपालिका घटनेत आल्या. शहरांकडे सोपवावीत अशा अठरा कामांची यादी बाराव्या परिशिष्टात आली. काम आले, पण ते करण्यासाठी स्वतःची कमाई तेवढी आली नाही. जी होती तीही पुढे गेली. आमच्याकडे जकातीऐवजी उपकर होता. २०१३ मध्ये त्याच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे व्यापाऱ्यांनी ज्याच्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली तो एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तो गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने उरलेलाही संपवला. राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई द्यायचे ठरवले आणि त्यात दरवर्षी आठ टक्के वाढ ठेवली. राज्याने हे चांगलेच केले. पण स्वतः मिळवलेला रुपया आणि महिन्याला हातावर ठेवलेला रुपया यांत फरक असतो, हे कुठल्याही गृहिणीला विचारा.

मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एवढेच मुख्यतः घरचे उरले. त्या घरच्या पैशातून काय होऊ शकते याचेही उदाहरण आमच्याच गावात आहे. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण आमच्या महापालिकेने विकत घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या महापालिका देशात फार थोड्या. मुंबईचे आमचे नातेवाईक मे महिन्यात बादल्या भरून ठेवत तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी असे. पाणी पिणारे इथले, मते देणारे इथले आणि निर्णय घेणारेही इथलेच. तिन्ही एकाच ठिकाणी आले की पैसा बहुधा शहाण्यासारखा खर्च होतो, असे मला वाटते.

आता दूरच्या पैशाची गोष्ट. माझी नोकरीची पहिली वीसेक वर्षे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. १९८७ मध्ये केंद्राने खडू-फळा मोहीम सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य, असा उत्तम हेतू. एके दिवशी आमच्या शाळेत लोखंडी पेटी आली. नकाशे, पृथ्वीचा गोल, विज्ञानाची साधने, खेळणी, ढोलकीसुद्धा! मुलांचे डोळे विस्फारले. पण शाळेचे छप्पर गळत होते आणि पिण्याचे पाणी अर्ध्या मैलावरून आणावे लागे. छपरासाठी त्या पैशातला एक रुपया वापरता येत नव्हता, कारण तो "साहित्याचा" होता. शिवाय तपासणीत एखादी वस्तू कमी भरली तर जबाब द्यावा लागेल या भीतीने पेटीला कुलूप लागले. ढोलकी मुलांनी वर्षातून दोनदा ऐकली, १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. पावसाळ्यात आम्ही पेटी सर्वांत कोरड्या कोपऱ्यात ठेवत असू आणि मुले उरलेल्या जागेत बसत.

त्या कुलपाला मीही जबाबदार होतो, किल्ली माझ्याच खिशात असे. आज वाईट वाटते. पण तेव्हा मनात हेच होते की ही वस्तू आपली नाही, वरची आहे. वरून आलेला पैसा असा पाहुण्यासारखा राहतो. त्याला जपावे लागते, वापरता येत नाही.

आणि मार्च महिना? ज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेत नोकरी केली त्याला सांगायला नको. अकरा महिने मागून न मिळालेला पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊन धडकतो आणि ३१ तारखेपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो. मग गरज कशाची आहे यापेक्षा बिल कशाचे लगेच मिळेल हे महत्त्वाचे ठरते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, गुरुजी, मग सगळा पैसा गावालाच द्या, दिल्ली-मुंबई हवी कशाला? थांबा, इतके सोपे नाही. १९७२ चा दुष्काळ मी एकविसाव्या वर्षी पाहिला आहे. आमच्या शेजारच्या घरातली चांगली बागायतदार माणसे खडी फोडायला जात होती, दुपारी मुलांना सुकडी मिळायची. त्या गावाला "तुमचा कर तुम्ही गोळा करा आणि जगा" असे सांगितले असते तर अर्धे गाव उरले नसते. तेव्हा राज्य धावून आले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. तो माझ्या पगारातून दरमहा कापला जाई. शिक्षकांच्या खोलीत त्यावर कुरकुर व्हायची, पण मला त्या कपातीचे कधी वाईट वाटले नाही. पैसा कुणाकडून घेतला, कशासाठी घेतला आणि कुणाच्या हातात पडला हे मला डोळ्यांनी दिसत होते. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला आणि अकुशल मजुरीचा भार स्वतःवर घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा आणला. त्यात बहुतेक राज्यांसाठी वाटणी साठ-चाळीस झाली. म्हणजे ओझे पुन्हा थोरल्या मुलाकडे सरकले.

तेव्हा श्रीमंत गावाचा पैसा गरीब गावाला पोचवायला वरचे सरकार हवेच. समुद्रावर पूल बांधायलाही हवे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला तेव्हा मुलगा मला गाडीतून घेऊन गेला. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल, खाली पाणी, दोन्ही बाजूंना आकाश. मन भरून आले, खोटे का बोलू? असे काम एका महापालिकेच्या आवाक्यातले नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की जो पैसा समुद्र ओलांडतो त्याला माझ्या सेक्टरमधले गटार का ओलांडता येत नाही?

मला सापडलेले उत्तर असे. वर निर्णय घेणाऱ्याला मोठी गोष्ट दिसते, छोटी दिसत नाही. शालेय पोषण आहाराचेच घ्या. खिचडी शिजवणाऱ्या बायकांचे मानधन केंद्राने २००९ साली महिना १००० रुपये ठरवले, त्यात आता केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. पंधरा वर्षे उलटली तरी तो आकडा हलला नव्हता. राज्याने आपल्या पदरचे घालून रक्कम वाढवली ही चांगली गोष्ट. पण मूळ आकडा विसरला कसा गेला? कुणी दुष्टपणे नव्हे. दिल्लीच्या टेबलावरून ती बाई दिसत नाही म्हणून. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला ती रोज दिसते, पण त्याच्या हातात दहा रुपये वाढवण्याचाही अधिकार नाही. ज्याला दिसते त्याच्याकडे पैसा नाही, ज्याच्याकडे पैसा आहे त्याला दिसत नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ हे आहे.

त्यातून आमच्यावर आणखी एक वेळ आली. आमच्या महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि करोना, मग प्रभागरचना, मग आरक्षणाचा वाद असे करत निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली साडेपाच वर्षे नगरसेवक नव्हते. अंदाजपत्रक प्रशासकानेच मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. याच काळात शहर स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरे आले, भिंती रंगल्या, चौक सजले. अधिकाऱ्यांनी काम केले नाही असे मी म्हणणार नाही. पण माझा अर्ज घेऊन मी ज्याच्या दारात उभा राहू शकेन, ज्याला माझे मत हवे आहे, असे माणूसच शहरात नव्हते. आमचे झाकण हरवले ते याच काळात.

परवा गावी चुलतभावाशी फोनवर बोललो. तो सातवी शिकलेला. पण वित्त आयोगाचा किती निधी ग्रामपंचायतीला आला, त्यातला किती पाण्याच्या टाकीला गेला, सरपंचाने कुठले काम अर्धवट सोडले, हे त्याने मला तोंडपाठ सांगितले. कारण तो ग्रामसभेला जातो, तिथे भांडतो. मी पदवीधर, निवृत्त मुख्याध्यापक, पण माझ्या प्रभागात किती पैसा खर्च झाला हे मला सांगता येईना. शहरातही २००९ साली महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. इतक्या वर्षांत मला तिचे आमंत्रण आलेले आठवत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही कधी विचारले नाही.

गोपाळ कृष्ण गोखले आमच्याच जातकुळीतले, म्हणजे शिक्षक. १९०२ साली त्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले आणि सरकारी शिलकीचे आकडे पाहून हुरळून जायला नकार दिला. लोक हलाखीत असताना तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ कर जास्त घेतला जातो, तेव्हा मिठावरचा कर कमी करा आणि शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा रोख होता. त्याच गोखल्यांनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही सांभाळले. साम्राज्याचा हिशेब विचारणाऱ्या माणसाला गावच्या गटाराचा हिशेब कमी दर्जाचा वाटला नाही. आपण मात्र टीव्हीवर केंद्राचा अर्थसंकल्प तीन तास पाहतो आणि महापालिकेचा अर्थसंकल्प कुठल्या तारखेला मांडला हे आपल्याला ठाऊक नसते.

मला मोठे उपाय सुचत नाहीत. दोन-तीन छोट्या गोष्टी सुचतात. प्रत्येक सार्वजनिक कामावर, मग ते पदपथ असो की उद्यानाचे फाटक, ठळक अक्षरांत लिहावे : पैसा कुणाचा, दुरुस्ती कुणाची, विचारायचे कुणाला. उद्घाटकाचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असले तरी चालेल. दुसरे, आठवीच्या नागरिकशास्त्रात आपल्याच गावाच्या अंदाजपत्रकाचे एक पान मुलांना वाचायला द्यावे. राष्ट्रपतींचे अधिकार पाठ करणाऱ्या मुलाला आपल्या गल्लीतला दिवा कोण लावतो हेही कळू द्या. आणि तिसरे, प्रत्येक महापालिकेच्या प्रभागाला थोडी तरी रक्कम अशी असावी की जिच्यावर "साहित्य", "रंगकाम" असे शिक्के नाहीत, जी तिथल्या लोकांना विचारून खर्च करावी लागते आणि ३१ मार्चला पळून जात नाही. चुका होतील. थोडे खाल्लेही जाईल. पण खाणारा आपल्या ओळखीचा असेल आणि बाजारात भेटेल. दिल्लीत खाणारा आपल्याला कुठे भेटतो?

आमच्या नव्या नगरसेवकांकडे मी ज्येष्ठ मंडळींच्या सह्या घेऊन क्षेत्रसभेची मागणी करायची ठरवली आहे. अर्ज लिहून झाला आहे. सौ. म्हणतात, यावेळी तिन्ही कार्यालयांना प्रत लावा.

असो. झाकण मात्र आले. दिवाळीच्या आधी एका सकाळी पाहतो तर चेंबरवर नवेकोरे झाकण. रसवाल्याला विचारले, कुणी बसवले? तो म्हणाला, "दोन माणसे टेम्पोतून आली, बसवून गेली. कुणाची होती ते नाही सांगितले." मी वाकून पाहिले. झाकणावर कुणाचेच नाव नव्हते. बांबू आणि लाल पिशवी त्याने सोडून ठेवली आहे. म्हणाला, "असू दे काका, लागेल पुढे कधी."